मंदाचा रविवारचा फोन

आमच्या वर्गातली मंदाचं सांगितलं का तुम्हाला? शिरपूरजवळच्या आमच्याच गावची, आता इंग्लंडमध्ये नर्स आहे. दर रविवारी गावातल्या बायकांशी व्हिडिओ कॉलवर अहिराणीत बोलते, बाळंतपणाचं समजावते. मागे एकदा शेजारच्या अक्कांची गरोदर सून फोनसमोर आली. मंदा एकदम म्हणाली, "अक्का, तिना पाय दखाड माले."

अक्कांनी फोन सुनेच्या पायांकडे वळवला. पाय चांगलेच सुजलेले होते.

"आत्तेच शिरपूरले लई जा!"

अक्का कुरकुरतच तिला शिरपूरच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. रक्तदाब भयंकर वाढला होता, पण सून आणि बाळ, दोघंही वाचली.

मी मंदाला कौतुकाने फोन केला, तर ती म्हणाली, "आपण चौथीत असताना आई बाळंतपणात गेली ना, तेव्हा तिचेही पाय असेच सुजले होते गं. मी रोज चेपत बसायचे."