जोड माझो होतो

माझो जन्म तारकर्लीचो, खाडी आणि दर्यो ह्यांच्या मधल्या वाळवेच्या पट्टीवरचो, आणि माझो बापूस रापण ओढणारो, म्हणजे किनाऱ्यावरसून जाळां ओढणारो, त्यामुळे माका गाठ मारूक कोणी शिकवल्यानच नाय, भात खाऊक शिकलंय तशीच गाठ शिकलंय. आमच्याकडे म्हणतत, सुतळी भिजली की आवळता. तां खरां आसा. पण तां पाण्याचां, तेलाचां नाय, आणि एवढां माझ्या टाळक्यात शिरासाठी एका भल्या माणसाचे हात जळाचे लागले. सांगतंय, सांगतंय, तुमी लिवन घेवा, घाई करू नकात.

तेव्हा इंजिनाच्यो लाँची नव्यान इलेल्यो. मी तीन म्हयने इंजिनाचां काम शिकान गावात इलंय, आणि काय सांगू तुमका, माझो रुबाब! शिडाच्या होडयेवाले म्हातारेसुद्धा माका वाट देत. माझी थोरली भयण तारा, तिचो घोव म्हणजे आमचे वसंत भावोजी, तेंनी लाँच घेतली आणि इंजिन माझ्या हातात दिलां. भावोजी गरीब माणूस, कोणाक मोठ्यान बोलाचे नाय. एकच खोड, तोंडात विडी. तारा वरडायची, निदान लाँचीवर तरी नको हो.

नारळी पुनव झाली, दर्याक नारळ दिलो, दुसऱ्या दिसा सगळे भायर पडणार, आणि मी बघतंय तर टाकीतसून इंजिनाक डिझेल नेणारी रबराची नळी मधीच तडकलेली. तडकलेलो तुकडो कापून काढलंय, आता रबर पुरता खंय? माझ्याकडे गोव्याकडची प्लास्टिकची नळी होती, काचेसारखी, आतलां तेल दिसणारी. शिकवणाऱ्या मास्तरांनी बजावन सांगितलेलां, रबरात प्लास्टिक नुसतां कोंबू नको रे, मधी पितळेची कंगोरेवाली नळी घाल, दोन्ही टोकांक क्लिपा आवळ, आणि प्लास्टिक डिझेलाक चलणारां आसा काय तां आधी विचार, नायतर तां कडक होता, आखडता, आणि गरम धुराड्याच्या जवळ तर नेवच नको. पण पितळेची नळी हाडूक वेंगुर्ल्याक जावचां, दोन दिस मोडाचे. भावोजी म्हणाले, थांबूया रे सखाराम, दोन दिसांत दर्यो आटाचो नाय. ऐकलात मा? ते थांबाक तयार होते. मी म्हणालंय, थांबतास कित्याक, मी आसंय मा!

प्लास्टिक रबरात कोंबलंय, वरसून सुतळेचे सात वेढे, आणि जाळ्याची गाठ. आतसून डिझेल व्हावताना दिसलां तसे खलाशी बघूक जमले, वा रे सखाराम, वा रे सखाराम, आणि मी मेलो फुगान बसलंय.

धा-बारा दिस बरे गेले. मगे एका सकाळी परत येताना, किनारो दिसत होतो, मी नाळीकडे, म्हणजे लाँचीच्या पुढल्या टोकाक, जाळां आवरत होतंय आणि पाठीमागे भडको झालो. भावोजी इंजिनापाशी, हातात पेटलेली विडी. आमका म्हणाले, उड्यो मारा, आणि आपण भिजलेलां गोणपाट घेवन आगीवर पडले, शेवटचो माणूस पाण्यात पडासर ते थंयसून हलले नाय.

लाँच अर्धी जळान किनाऱ्याक लागली. भावोजींका दवाखान्यात नेल्यानी आणि मी लाँचीत शिरलंय. टाकीकडचो रबराचो तुकडो वाचलेलो. तेच्या तोंडावर माझी गाठ तशीच होती. गाठ सुटूक नव्हती, आखडलेली नळी तिच्यातसून निसटलेली, आणि डिझेल गरम धुराड्यावर सांडलेलां. तो तुकडो मी दर्यात टाकलंय. ह्यां आजपर्यंत कोणाक सांगूक नाय.

माणसां विचारूक इली तेव्हा भावोजी आपणच म्हणाले, माझीच विडी पडली आसतली. आणि मी थंय बसलंय तोंड शिवान. देवा म्हाराजा, एक शब्द बोलाक व्हयो होतो, एक!

चार वर्सां झाली. तेंची बोटां एकमेकांक चिकाटली. तारा डोक्यावर पाटी घेवन मासे विकता, सांजेक तेंका घास भरवता आणि भरवता भरवता सुनावता, विडी व्हयी होती मा, घेवा आता. ते मान खाली घालून जेवतत. विडी तेव्हाच सोडल्यानी. गेल्या चतुर्थेक माका जवळ बसवन म्हणाले, सखाराम, तुझ्या इंजिनाक मी आग लावलंय, माका माफ कर. तरी बोललंय नाय. असो हलकट मी.

आता माझ्याकडे कोणी लाँच हाडली तर पितळ आणि क्लिपा असल्याशिवाय मी हात लावत नाय, चार दिस खोळंबवतंय, माणसां शिव्या घालतत. घालूंदेत.

लिवन झालां? मगे उठा, चला माझ्यावांगडा. भावोजी आता घरापुढच्या खळ्यात बसलेले आसतले, तारा पण आसा. तुमीच वाचा, माझ्या तोंडातसून भायर येवचां नाय. मी समोर बसतंय. तेंनी माका मारूक व्हयां, पण मारतले कसे, तेंच्या हातांची मूठ वळत नाय.