साठ चौरस मीटरचं तळं

सर्वेक्षक : ...कारण जमिनीच्या इंचाइंचाची अचूक नोंद झाल्याशिवाय कुठलंही शहर शहाणं होत नाही, काकू. म्हणून तुमचं तळं प्रत्यक्ष बघायला मी स्वतः आलोय.

वहिनी : बघा की. आजच धुतलंय. ते काय, दोरीवर वाळतंय.

सर्वेक्षक : ही ताडपत्री आहे.

वहिनी : निळी ताडपत्री. रोपांच्या वाफ्यांवर घालते मी. तुमच्या नकाशात तिचं तळं झालं, त्याला मी काय करू?

सर्वेक्षक : वरून काढलेल्या फोटोत निळं दिसलं की आमच्या ऑफिसात त्याला पाणी म्हणतात. पण नकाशातलं तळं साठ चौरस मीटरचं आहे. ही जेमतेम पंचवीस भरेल.

भावजी : (कुंपणापलीकडून) उरलेलं तळं म्हणजे माझं घर! पत्रे निळे आहेत माझे. वर मजला चढवायला परवानगी मागितली, तर उत्तर आलं, 'अर्जदाराचे घर जलाशयात असल्याने अर्ज नामंजूर.' तीस वर्षं जलाशयात राहतोय मी साहेब, आणि मला पत्ता नाही!

वहिनी : आणि नळ गेला की जलाशयातून बादली घेऊन माझ्या दारात येतात. हे माझे धाकटे दीर. तीन वर्षं मजला मजला करतायत. तो चढला की माझ्या रोपांचं ऊन गेलंच. रोपं विकून घर चालतं माझं. देवासारखं तुमचं तळं धावून आलं. राहू द्या ना, कुणाला बुडवतंय का?

भावजी : मला बुडवतंय!

सर्वेक्षक : काकू, जागेवर जे दिसेल तेच लिहायचं, असा नियम आहे.

वहिनी : थांबा, ताडपत्री अंथरून दोन बादल्या ओतते.

सर्वेक्षक : मग मासे आहेत का, तो रकाना भरावा लागेल.

भावजी : वहिनी, मासे राहू द्या. पोरीची बदली झालीय इकडे. येतेय, जुळ्यांना घेऊन. दोन खोल्यांत आम्ही म्हातारा-म्हातारी, ती नि ती दोन पिल्लं. कुठे टांगू सगळ्यांना?

वहिनी : येतेय? आणि मला कुणी सांगायचं?

भावजी : मजल्याचा म काढला की तुम्ही पाठ फिरवता. पाठीला सांगू?

वहिनी : ...साहेब, बुजवा ते तळं. घर लिहा.

सर्वेक्षक : नक्की ना? मला पुन्हा यायला लावू नका.

वहिनी : नक्की. कडेवर वाढवलीय मी तिला. रोपांचं काय, उचलून कुठेही ठेवता येतात.

भावजी : कुठेही कशाला? पत्रे काढून स्लॅब टाकणार, त्यावर मजला, मजल्यावर गच्ची. ती गच्ची तुमच्या रोपांची. दिवसभर ऊन.

वहिनी : आणि पाणी कोण चढवणार वर? माझे गुडघे?

भावजी : मी चढवीन. बादलीची सवय आहे मला.

वहिनी : उपकारच झाले.

सर्वेक्षक : झालं. तळं खोडलं. काकांचं राहतं घर, काकूंची रोपवाटिका. आता परवानगी अडायची नाही. एक रकाना उरलाय. काका, टेपचं टोक धरा जरा. इथे, दाराच्या चौकटीशी.

भावजी : धरलं. काय मोजताय?

सर्वेक्षक : भिंतीची जाडी. चार इंच. सगळ्या अशाच आहेत?

भावजी : सगळ्या. माझ्या हातानं बांधल्यात.

सर्वेक्षक : चार इंची भिंतीवर मजला चढत नाही, काका. पत्रे पेलते तेवढंच.

भावजी : तीन वर्षं भांडलो आम्ही.

सर्वेक्षक : भांडणाला रकाना नाही. मग पोरीचं काय करणार तुम्ही?

वहिनी : माझ्या मागच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत.