मोठी गेली, छोटी आली

जबाब देणार : थोरला मिस्त्री (सगळे याच नावाने ओळखतात), वय ५६ वर्षे, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार स्वतःच्या गॅरेजच्या माळ्यावर.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, आज सकाळी सव्वासातला मी माझी जुनी मोठी गाडी चोरीस गेल्याची तक्रार द्यायला आलो होतो. हवालदारसाहेबांनी जागा पाहिल्यावर माझे म्हणणे बदलले, म्हणून हा जबाब.

वडील गेले तेव्हा मागे दोन जुन्या गाड्या राहिल्या. मोठी लांबलचक, तिला जोर मागच्या चाकांचा. छोटीची पुढचीच चाकं सगळा भार ओढतात. थोरल्याला मोठी, असे म्हणून ती मी घेतली. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, मूर्ती लहान पण कीर्ती महान. तू पोस तुझा हत्ती." मी म्हणालो, "चढावर रडत येशील तेव्हा बघू." तेव्हापासून तीन वर्षे बोलणे बंद आहे. आई त्याच्याकडे टेकडीवरच्या घरी असते.

मोठीची किल्ली शेडमधल्या खिळ्याला असते, हे घरच्यांनाच माहीत. सहाला मी चहाला गेलो, पावणेसातला आलो तर शेड रिकामी. माझे डोके फिरले. आजूबाजूला न बघता तडक इथे आलो. छोटी शेडच्या मागे उभी होती, चाकाला वीट लावलेली.

हवालदारसाहेब म्हणाले, "मिस्त्री, चोर कधी बदली गाडी ठेवून जातो होय?" मी छोटीचे दार उघडले. ड्रायव्हरशेजारची सीट काढलेली होती आणि तिचे चारही बोल्ट आपापल्या भोकात हाताने फिरवून ठेवले होते. ही वडिलांची शिस्त, आम्हा दोघांनाच लागलेली. सीटच्या जागी आईची उशी होती, मागे बसून पाय लांब ठेवता येईल अशी. आत क्लच जळल्याचा वास येत होता. मागे वजन बसले की छोटी टेकडीच्या खडीच्या चढावर सरळ चढत नाही, पुढची चाकं जागीच फिरतात. रिव्हर्समध्ये न्यावी लागते. म्हणजे तो आईला उलट्या गाडीने वर नेत होता. किती दिवस, ते मला माहीत नव्हते. मी विचारले नव्हते.

हवालदारसाहेबांनी फोन लावून स्पीकरवर ठेवला. धाकटा म्हणाला, "आई पडली, दोन महिने झाले. पाय वाकत नाही. छोटीचा क्लच काल संपल्यात जमा झाला आणि आज डॉक्टरकडे न्यायचंय. दादाकडे मागितली असती तर दिली असती का त्याने?" खरे सांगतो, नसती दिली.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. गाडी चोरीस गेलेली नाही. छोटीचा क्लच मी आजच बदलतो. धाकट्याला एवढे कळवावे की रिकामी मोठी ओल्या रस्त्यावर मागून घसरते, डिकीत वाळूची दोन पोती टाकावीत. आई मागे बसली असेल तर गरज नाही.

जबाब मला वाचून दाखवला. 'नसती दिली' एवढे खोडू का, असे हवालदारसाहेबांनी विचारले. मी राहू द्या म्हणालो. लिहिले आहे ते माझ्या सांगण्याप्रमाणे आहे आणि खरे आहे.