लालबागला आडवी राहिलेली पिकअप

नाव शैला बाबुराव गमरे, वय २१ वर्षे, बी. ए. पास, धंदा सध्या नाही, राहणार घोडपदेव, मुंबई. तारीख २० जानेवारी १९५६.

मी समक्ष हजर राहून सांगते की, गाडी खरोखर बिघडली होती हे कशावरून, असे मला सुरुवातीलाच विचारण्यात आले. याचे उत्तर मला देता येत नाही. मला इंजिनातले कळत नाही. पाहिले व ऐकले तेवढे सांगते.

माझे वडील बाबुराव आपली जुनी पिकअप भाड्याने चालवतात. काल हरताळ होता, पण इस्पितळाच्या दुधाला मोकळीक होती. ते दूध आम्ही भायखळ्याहून परळला नेत होतो. बाईमाणूस शेजारी असले की पोरेही अडवत नाहीत व पोलीसही, म्हणून वडिलांनी मला बरोबर घेतले. संयुक्त महाराष्ट्र व्हावा असे मला वाटते काय, असेही विचारले. वाटते. त्याचा गाडीशी संबंध नाही.

लालबागला बॉनेटमधून वाफ येऊ लागली. वडील गाडी बाजूच्या गल्लीत वळवत असताना इंजिन बंद पडले व गाडी रस्त्यात आडवी राहिली. वडिलांनी बॉनेट उघडले. पंख्याचा पट्टा दाबून पाहिला, तो शाबूत होता. मग मला म्हणाले, "शैले, ही वरची नळी बघ. जपून." माझे बोट पोळले. "आता खालची." ती गार होती. वडील म्हणाले, "पाणी फिरतच नाही. रेडिएटरची जाळी तुंबली." झाकणाच्या कडेने पिवळे पाणी उतू येत होते. माझ्या पातळावर त्याचा डाग आहे, तो दाखवला आहे.

रेडिएटर थोडा पाझरत असे. अशा वेळी ड्रायव्हर लोक पाण्यात चिमूटभर हळद टाकतात, त्याने बारीक भोक बुजते. सकाळी वडिलांनी ते काम आईला सांगितले होते. पिवळे पाणी पाहून ते हसले. "चिमूटभर म्हटलं होतं. हिनं लग्नघरासारखी ओतली, तीच जाळीत बसली. तिला बोलू नकोस हं, जिवाला लावून घेईल."

तेवढ्यात पुढून दगड येऊ लागले व मागून पोलिसांची लॉरी आली. ती आमच्या गाडीमुळे अडकली. दगड मारणारे पळाले. वडील बॉनेटपाशीच उभे होते. गाडी मुद्दाम आडवी लावली म्हणून त्यांना धरले. ते म्हणाले, "साहेब, माझी पोरगी बी. ए. आहे, आमच्या घरात पहिली. तिला विचारा."

संध्याकाळी पोलीस ड्रायव्हर रघुवीर यांनी थंड झालेल्या गाडीत पाणी भरून ती ठाण्यात चालवत आणली. त्यावरून गाडीत बिघाड नाही असे लिहिण्यात आले.

आज सकाळी माझ्या विनंतीवरून रघुवीर यांनी ती आवारात पुन्हा सुरू केली. थोड्या वेळाने म्हणाले, "फर्स्टक्लास चालतेय." मी म्हटले, "तापेपर्यंत बंद करू नका." डोळ्यांनी पाहिल्यावर कोणी नाकारणार नाही, असे मला वाटत होते. ते म्हणाले, "अगं बाई, जाम झालं तर इंजिन गेलं. पोट आहे ना तुमचं त्याच्यावर? बापाला विचारलंस?" मी विचारले नव्हते. ते उतरले. मी त्यांच्या जागी बसले व एक्सलेटरवर पाय दाबून धरला.

कोठडी आवाराला लागून आहे. वडिलांना आवाजावरून कळले. ते ओरडत होते, "कोण आहे रे गाडीवर? बंद कर! जळेल ती!" मग म्हणाले, "शैले, तू आहेस का?" मी पाय काढला नाही. वाफ आली, पिवळे पाणी आले, नंतर इंजिन खडखडून थांबले. रघुवीर यांनी पुढून हँडल लावून पाहिले. ते फिरले नाही.

फौजदार साहेब बाहेर आले. म्हणाले, "आज बंद पडली, कबूल. पण काल पडली होती, हे कुठं सिद्ध झालं?"  

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवणार होते. आई बाहेरच्या बाकावर वडिलांचा डबा घेऊन बसली आहे, हळदीचे तिच्या कानी पडू नये म्हणून मी कागद मागून घेतला व मनातल्या मनात वाचला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. खाली सही केली आहे.