एकतीस वर्षांचं उभं राहणं

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर एक सून बसली होती. तिच्या सासूबाई शेजारी उभ्याच होत्या.

"आई, टेका ना जरा."

"टेकता आलं असतं तर इथे कशाला आले असते?"

"सुईला घाबरू नका, केसासारखी बारीक असते. तिच्यात औषधसुद्धा नसतं."

"औषध नाही, तर टोचायची कशाला? हौस म्हणून?"

"बसायच्या जागेच्या आतल्या स्नायूंना गाठी पडतात. सुई लागली की स्नायू एकदा उडतो आणि गाठ सैल होते. माझी झाली ना."

"तुझी? कधी?"

"बाळंतपणानंतर. चार वेळा आले होते."

"आणि घरात एका शब्दानं बोलली नाहीस!"

"तुम्ही तरी कुठे बोललात? यांच्या जन्मापासून एकतीस वर्षं!"

"अगं, त्या जागेचं दुखणं सांगायचं कुणाला? कळ आली की देवाचं नाव घ्यायचे आणि घट्ट आवळून धरायचे."

"आवळल्यानंच वाढतं, आई. नाव घेत राहा, आवळणं तेवढं सोडा."

"सुई लावणारी बाईच आहे ना?"

"बाईच आहे. आधी विचारते, तुम्ही हो म्हटलंत तरच हात लावते."

"मला असं कुणी कधी विचारलं नाही गं."

आतून हाक आली, "पुढचं कोण?"

"मी येऊ सोबत?"

"ये. आणि घरी विचारलं तर?"

"गुडघा दुखतो म्हणून सांगू."

"नको. बिचाऱ्या गुडघ्याला आणखी किती वर्षं बदनाम करायचं? जिथं दुखतं, तिथलंच सांगू."