नंबराची गोळी

माझं नाव कडूबाई. आधी नावाचंच सांगते, म्हंजे पुढचं बराबर कळंल. माहेर माझं पिंपळगाव रेणुकाईचं. माझ्या आधी मायला झालेली लेकरं जगली न्हाईत, मंग मी झाले तवा आजी म्हणली, हिचं नाव कडू ठेवा, गोड नावावर यमाचं ध्यान जातं, कडू म्हणलं तर तोंडात घेतलं तरी थुकून देईल. तसंच झालं म्हणा. मी जगले, माझ्या पाठीवरचे भाऊबी जगले. तवापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की कोणी गोड बोलून राह्यलं की जरा दोन पावलं मागं सरकावं.

सासर जाफराबादच्या बाजूला. गावाचं नाव सांगत न्हाई, राग मानू नका. तुमी माझा आवाज त्या मोबाईलमधी भरून घेऊन राह्यले, उद्या कुठं छापलं तर आमच्या गल्लीतल्या बाया म्हणतील, बघा, चोरून बिडी वढत असंल, म्हणून फुफ्फुसात गाठ झाली. तशा म्हणूनच राह्यल्या त्या. म्या जलमात बिडी वढली न्हाई, तंबाखूला बोट लावलं न्हाई. चुलीचा धूर खाल्ला, तो कोणत्या बाईनं खाल्ला न्हाई? पण काय सांगू तुम्हाला, बाईला हा रोग झाला की लोक आधी तिची चंची तपासतात.

आमच्याकडं बियाण्याच्या कंपन्यांचे प्लॉट असतात. मिरचीचं, काकडीचं क्रॉसिंग. मी आन माझी जाऊ गंगू, आमी दोघींनी सगळी उमर त्या जाळीच्या शेडमधी घातली. नराच्या फुलाची भुकटी मादीच्या फुलाला लावायची, वरून लोकरीचा धागा बांधायचा, बस, दिवसभर तेच. हात हलका लागतो. एखाद्या साली कंपनीचा सायब ट्रायल द्यायचा. ट्रायल म्हंजे काय, तर बियाची पुडी, तिच्यावर नाव न्हाई, नुसता नंबर. आमी विचारायचो, सायब, हे हाय तरी काय? तो म्हणायचा, मलाबी म्हाईत न्हाई, चांगलं निघालं तर नाव मिळंल. आन न्हाई निघालं तर? तर उपटून बांधावर.

आता आमच्यात एक रीत हाय. नवं बी हाती आलं की शेजारणीसंगं निम्मं बदलायचं. निम्मं तुझं, निम्मं माझं. एकीचं पोचं निघालं तरी दुसरीचं उगवतं, दोघींच्याबी चुली पेटतात. कोणी शिकवलं न्हाई, आमच्या सासूच्या सासूपासून चालत आलं. तर एका साली गंगूच्या पुडीला एक नंबर आन माझ्या पुडीला दुसरा, आमी बांधावर बसून निम्मं-निम्मं केलं आन लावून टाकलं. मिरच्या लागल्या तवा बिंग फुटलं. एकाच वळीत एक मिरची आभाळाकडं तोंड करून उभी आन तिच्या बाजूची खाली लोंबती. सायबानं कपाळाला हात लावला. म्हणला, बाई, कोणतं बी कसं निघालं हे आता कोणाच्या बापाला कळनार न्हाई. पुरा प्लॉट उपटायला लावला आमच्याच हातानं. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येतं.

मंग खोकला लागला. पह्यले टीबी म्हणून गोळ्या खाल्ल्या, त्यानं काही उतरला न्हाई, वजन मात्र उतरलं. माझा पोरगा संतोष जालन्याला एका हाफिसात हाय, त्यानं फोटो काढायला लावले, तिथून संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात गेल्तो, तिथं सुई घालून गाठीचा तुकडा काढला. कॅन्सर. डॉक्टर म्हणला, सलाईन द्यावी लागंल, ती तर देऊच, आन त्याच्या जोडीला एका नव्या गोळीची ट्रायल चालू हाय, तुमची इच्छा असंल तर.

ट्रायल म्हणल्याबराबर माझ्या डोळ्यापुढं बांधावर वाळत पडलेल्या मिरच्या आल्या.

तिथं एक ताई व्हती, ह्या ट्रायलचं, म्हंजे त्यांच्या बोलीत अभ्यासाचं, काम करनारी. लई गोड बोलायची, मी दोन पावलं मागं. ती म्हणली, सलाईन सगळ्यांना सारखीच, पण गोळी निम्म्या लोकांना अस्सल आन निम्म्यांना तशीच दिसनारी, तिच्यात औषध न्हाई. कोणाला कोणती ते कम्प्युटर ठरवतो, मला म्हाईत न्हाई, डॉक्टरांनाबी म्हाईत न्हाई. म्या मनात म्हणलं, झालं, त्या सायबाची बहीण भेटली. मंग म्हणली, मावशी, तुमाला वाटलं तर कधीबी सोडून जाता येतं, कारण सांगायची गरज न्हाई, तुमचा इलाज बंद होनार न्हाई. आता तुमीच सांगा, कोण म्हणतं असं? मला सासरला धाडलं तवाबी कोणी म्हणलं न्हाई की कधीबी सोडून ये. म्या तिला तोंडावर विचारलं, गोळी न्हाई लागू पडली तर मला उपटनार का? तिला काही उमगलं न्हाई, ती संतोषकडं बघाया लागली.

आन सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू? ती म्हणली, तुमचं नाव बाहेर कोणाला कळनार न्हाई, तुमाला एक नंबर मिळंल. अव माय! जे नाव आजीनं माझ्या राखणीला ठेवलं तेच काढून घेऊन राह्यले, आन वर उपकार सांगून राह्यले. यम आला तर नंबर वाचून त्याला काय कडू लागनार?

मंग हो काऊन म्हणले? मला मरायचं नव्हतं, एवढंच. आन डॉक्टर एक गोष्ट बोलला, फायदा होईलच असं न्हाई, तरासबी होऊ शकतो, म्हणला. म्या म्हणलं, माल विकनारा असं बोलत न्हाई. तवा सही केली. पण शक गेला न्हाई. ती ताई फोन करायची, मावशी, जेवण जातं का, तोंड आलं का, उलट्या झाल्या का. माझ्या पोटच्या पोराला इतकी चौकशी सुचत न्हाई, मंग हिला काऊन पडली? आन दर फेरीला डबी उलटी करून उरलेल्या गोळ्या मोजायची. म्या म्हणलं, ताई, शक तुमालाबी हाय मंग. ती हासली, म्हणली, शक न्हाई मावशी, नियम हाय. शकाला नियम म्हणलं की झालं.

सलाईनच्या खोलीत माझ्या बाजूच्या खुर्चीवर परतूरचे रंगनाथभाऊ यायचे. ह्याच ट्रायलमधी व्हते. पह्यले परतूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी व्हते, काट्यावर पोतं जोखायचे. मापाडी म्हणलं की माझं तोंडच आंबट. माझा बाप म्हणायचा, वजन करताना मापाड्याच्या तोंडाकडं बघू नको, पायाकडं बघ, कुठं टेकवला ते. म्या रंगनाथभाऊच्या पायाकडं बघूनच बोलायचे. माणूस मोठा गमत्या. ह्या हातानं इतकी पोती जोखली आन इतक्या बिड्या फुकल्या, दोन्हीचा हिशेब छातीनं ठेवला, म्हणायचे. म्या खोकाया लागले की मान फिरवायचे.

एका फेरीला मला वाटलं, त्यांच्या तोंडावर जरा तेज हाय. भूक लागून राह्यली, म्हणले. माझा खोकला तर तसाच. मनात आलं, ह्यांची गोळी अस्सल, माझी पोची. घरी जाईपर्यंत तेच, जीपमधी बाजूची बाई काय बोलून राह्यली तेबी ऐकू येईना.

पुढच्या फेरीला रंगनाथभाऊच हळूच म्हणले, बाई, एक इचार हाय, बघा पटला तर. तुमच्या डबीतल्या निम्म्या गोळ्या मला द्या, माझ्यातल्या निम्म्या तुमी घ्या. दोघांपैकी एकाच्या तरी अस्सल असतील. मोजायला गेलं तर मोज बराबर, ताईला कळनार न्हाई.

निम्मं तुझं, निम्मं माझं. आमचीच रीत. बांधावर गंगूनं म्हणलं असतं तर म्या पदर पसरला असता. पण हा मापाडी. म्या इचार केला, हा सोताहून काऊन देऊन राह्यला? ह्याच्या तोंडावरचं तेज माझाच भास, ह्याला कुठून तरी कळलं असंल की आपली पोची, म्हणून माझी अस्सल उचलाया बघतो. काट्यावर पाय टेकवला बघ ह्यानं. तोंडानं म्या म्हणलं, नको भाऊ, आमचा एकदा प्लॉट उपटलाय असल्या कामानं. मिरचीची सगळी गोष्ट सांगितली. ते हासले, बराबर हाय बाई, म्हणले, अभ्यास बिघडंल. पुन्हा त्यांनी इषय काढला न्हाई. मी मात्र त्या दिवसापासून डबी पिशवीत न ठेवता कंबरेला खोवून बसाया लागले.

मंग ते एका फेरीला आले न्हाईत. पुढच्या फेरीला त्यांची बायको आल्ती, एकटी, कपाळ मोकळं, हातात त्यांची डबी. उरलेल्या गोळ्या परत द्याव्या लागतात ना. मला बघितलं आन बाजूला येऊन बसली. म्हणली, तुमीच का जाफराबादच्या? ते लई नाव काढायचे तुमचं. म्हणायचे, माझ्या नक्की अस्सल हायेत, मला गुण येऊन राह्यला, पण त्या बाईचा खोकला मला ऐकवत न्हाई. निम्म्या देतो म्हणलं तर त्या भल्या बाईनं घेतल्या न्हाईत, नियमाला धरून राह्यली.

काय सांगू तुम्हाला. सलाईनची सुई हातात, उठून तिच्या गळ्यात पडता येईना. भली बाई म्हणे! तिला खरं सांगावं असं वाटलं, पण तिच्या तोंडाकडं बघून सांगवलं न्हाई. जलमभर मापाड्यांनी मला कमी जोखलं म्हणून रडले, आन एक मापाडी पुरं माप घेऊन आला तर म्याच त्याला कमी जोखलं.

तसं घ्यायचंच नव्हतं म्हणा. ताईला आडून विचारलं, अशी अदलाबदल कोणी केली तर? तिचा चेहराच उतरला. म्हणली, मावशी, असं झालं तर कोणाला कशानं तरास झाला तेबी आमाला कळनार न्हाई, जीवावर बेतंल. म्हंजे न्हाई म्हणले ते बराबरच व्हतं. पण न्हाई म्हणताना मनात जे व्हतं, ते बराबर नव्हतं.

मंग म्या विचारलं, रंगनाथभाऊची अस्सल व्हती का? ताई म्हणली, खरंच म्हाईत न्हाई मावशी. तिचे डोळे भरले व्हते. त्या दिवशी पह्यल्यांदा मला वाटलं, हिला खरंच म्हाईत न्हाई, आन ज्याला म्हाईतच न्हाई तो फसवनार कसा? अभ्यास संपल्यावर नंबर उघडतात, म्हणली. म्या सांगून ठेवलं, माझं न्हाई कळलं तरी चालंल, त्यांच्या बायकोला मात्र कळवा. तिनं विचारून बघते म्हणलं. पोची निघाली तर निघू द्या. त्यांनी तर अस्सल समजूनच देऊ केल्ती.

आता गाठ जरा आक्रसली म्हणतात. सलाईननं का गोळीनं, देवाला ठाऊक, मी विचारत न्हाई. शक गेला का म्हणाल तर न्हाई, तुमच्यावरबी हायच. पण छापताना नंबर टाकू नका, कडूबाईच टाका. बायांना काय म्हणायचं ते म्हणू द्या. आन रंगनाथभाऊचंबी नाव टाका. देव तुमच्या लेकराबाळाला सुखी ठेवो, आन खोकला अंगावर काढू नका, एवढं ध्यानात ठेवा.

सकाळी गोळी तोंडात टाकते तवा मनात म्हणते, भाऊ, निम्मी तुमची. ताईला हे सांगू नका बरं. ती गोळ्या मोजते, निम्मी कुठं गेली म्हणंल.