साकव आणि माझं कपाट

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य महोदय, पुण्याच्या वाहतूक संशोधन केंद्रातून आलेल्या प्रमुख पाहुण्या दीपिकाताई परब, आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथपाल संचिताबाई मेस्त्री, सहकारी, विद्यार्थी आणि वाट वाकडी करून आलेले ग्रामस्थ हो,

निरोपाच्या भाषणात गोड खोटं बोलायची रीत आहे. मी ती मोडतो. मला संचिताबाईंचा हेवा वाटतो. दीपिकाताई, तुम्ही त्यांना आपल्या केंद्रात नेताय म्हणून तुमचे आभार मानावेत की तुमच्याशी भांडावं, हे माझं अजून ठरलेलं नाही.

या जिल्ह्यातले रस्ते, जेट्ट्या, पूल यांवर काही हवं असलं की लोक म्हणायचे, "हडकर सरांना विचारा." माणसं यायची, चहा व्हायचा, मग मी खिशातून माझ्या जुन्या अहवालांच्या कपाटाची किल्ली काढायचो. त्या किल्लीचं सुख काय सांगू? बाईंनी ग्रंथालयातले सगळे अहवाल स्कॅन करून मोबाइलवर आणले आणि माझ्याकडचा चहा आटला.

मग आले तोंडवलीचे लवू. त्यांच्या वहाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, लाकडी साकव दर पावसाळ्यात वाहून जायचा, पोरांची शाळा बुडायची. ग्रामसभेत मांडायला जुना अभ्यास हवा होता. मोबाइल पुढे धरून ते म्हणाले, "बाईनू, साकव लिवलंय, कायेक येना नाय!" बाईंनीही शोधलं. काही नाही. शेजारच्या टेबलाशी बसून मला काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू!

बाई सरळ माझ्याकडे आल्या. "सर, इंजिनिअर याला काय म्हणतात?"

"लघु पदपूल," मी खुर्चीत मागे रेलून म्हणालो. अहवाल क्षणात सापडला. वाटलं, आता या रोज विचारायला येणार. कसल्या येतात! मसुऱ्याच्या एसटी थांब्यावर, तोंडवलीच्या किनाऱ्यावर जाऊन लोक कशाला काय म्हणतात ते विचारत बसल्या आणि प्रत्येक सरकारी शब्दाशेजारी लोकांचा शब्द घालून आल्या. पुन्हा मला कशाला विचारतील?

त्या अहवालाच्या जोरावर पक्का साकव झाला. नारळ बाईंनी फोडला. मलाही बोलावणं होतं, दुसऱ्या रांगेत.

आज दारातच लवू भेटले. "सर, बाई गेल्यार आमी इचारुचा खंय?" माझी छाती फुगली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते म्हणाले, "न्हय, बाईंचा ता मोबायलातला चलतला मा?"

चालेल, लवू. कारण प्राचार्यांनी ते चालवायचं काम माझ्याच गळ्यात घातलंय. आणि ते सोपवताना बाई एवढंच म्हणाल्या, "सर, त्यात फक्त तुमचं कपाट राहिलंय."

ही घ्या किल्ली, बाई. आज संध्याकाळच्या गाडीपर्यंत तुम्ही इथल्याच आहात. पहिला कप्पा तुम्हीच उघडा, चहा मी सांगतो.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, ऋणी आहे. जळक्या जिभेने अधिक-उणं बोललो असेन, तर ते तेवढं कुठल्याही शोधात सापडणार नाही अशा जागी ठेवा, ही विनंती.